दाभोळच्या वाटेवरचे रातांबे

दापोलीहून दाभोळला निघालात की शेवटच्या उतारावर वाशिष्ठीची खाडी दिसू लागते. मे महिन्यात या वाटेने जाणाऱ्याचे डोळे आंब्यावर असतात, रातांबा नजरेतून सुटतो. उंच निमुळते झाड, खाली लोंबणाऱ्या फांद्या आणि गर्द पानांत लपलेली लालजांभळी फळे. यातली बरीच झाडे कुणी लावलेली नाहीत. बांधावर, ओढ्याकाठी आपोआप आलेली आहेत.

खाडीकाठच्या मोहल्ल्यांत बांगड्याच्या सालनाला आमसूल लागतेच. फळाची साल सोडवायची, त्याच्याच रसात बुडवून उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची. अशी पाच-सहा पुटे झाली की काळे, लुसलुशीत आमसूल तयार होते. मीठ घालून ठेवला तर आगळ, साखरेत मुरवले तर सरबत. २०१८ आणि २०१९ साली रमजान ऐन मे महिन्यात आला, तेव्हा इफ्तारला खजुरानंतर हेच सरबत पुढे येई. बियाही फेकत नाहीत. त्या कुटून, पाण्यात उकळून वर येणारे तेल थिजले की मुठीत वळतात. म्हणून त्याचे नाव मुठेल. भेगाळलेल्या टाचांना दुसरे काही लावायची गरज नाही.

आयुर्वेदात याला वृक्षाम्ल म्हणतात. भावप्रकाशात कच्चे फळ पित्त वाढवणारे, तर पिकलेले तहान, मूळव्याध आणि संग्रहणीवर उपयोगी सांगितले आहे. अंगावर पित्त उठले की आपल्या घरांत आमसुलाचे पाणी चोळतात, पण ते पिकल्या फळाचे. हा फरक लक्षात ठेवावा. पित्त वारंवार उठत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

खरी काळजी पावसाची आहे. फळ पिकते एप्रिल-मेमध्ये आणि आमसुलाला कडक ऊन हवे. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला. असा पाऊस लवकर आला की पिकली फळे झाडाखाली सडतात. त्यात बीपासून आलेल्या झाडांपैकी निम्मी नर निघतात. सात-आठ वर्षे वाढवून फळ नाही म्हटल्यावर त्यांचे सरपण होते. उंच झाडावर चढणारा माणूसही आता सहज मिळत नाही.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ या जातीची फळे लवकर तयार होतात, त्यामुळे बरीचशी पावसाआधी उतरवता येतात. कलमाला फळ देणाऱ्या झाडाचीच काडी बांधलेली असल्याने नर निघण्याची भीती नाही. पाऊस लागला की रोपवाटिकांत कलमे मिळतात. विहिरीजवळची सावलीची जागाही त्याला चालते.