कानाआधी डोळे

चि. ओंकार,


डॅकवरचं, म्हणजे डिजिटल संगीताचं ॲनालॉग संकेतांत रूपांतर करणाऱ्या डब्यावरचं, तुझं परीक्षण वाचलं. कंपनीकडून एक पैसाही घेतलेला नाही, म्हणून मत निःपक्ष आहे, असं शेवटी खणखणीत लिहिलंयस. पैसे घेतले नाहीस हे मला कुणी सांगायला नको. पण तेवढ्यानं मत निःपक्ष होत नाही. लाच खाणारा परीक्षक लोक लवकर ओळखतात. प्रामाणिक माणसाच्या कानावर त्याचेच डोळे दाब टाकतात, ते मात्र त्याला स्वतःलाही कळत नाही.

१९९४ साली अमेरिकेत हार्मन कंपनीच्या फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी कंपनीतल्याच ४० जणांना चार स्पीकर ऐकवले. एकदा पडद्याआडून, एकदा समोर ठेवून. पडद्याआड एका स्वस्त, चिमुकल्या संचानं बऱ्यापैकी गुण मिळवले होते. तो दिसायला लागला आणि घसरला. मोठे, देखणे स्पीकर वर चढले. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. स्पीकरची खोलीतली जागा बदलली की आवाज बदलतो, आणि पडद्याआड ऐकणाऱ्यांच्या गुणांत तो बदल दिसत होता. स्पीकर दिसत असताना मात्र त्याच माणसांना जागेच्या फरकाचं फारसं काही वाटेना. मत आधीच ठरलं होतं, कानांना काम उरलं नव्हतं.

ही नवख्यांची गोष्ट म्हणून सोडून देऊ नकोस. मोबाइल फिडेलिटी ही रेकॉर्ड काढणारी नावाजलेली अमेरिकन कंपनी. मूळ टेपवरून, मध्ये डिजिटल काही न येता थेट रेकॉर्ड कापली जाते, अशीच तिच्या ग्राहकांची समजूत होती. २०२२ मध्ये फिनिक्सच्या एका रेकॉर्डविक्रेत्यानं शंका काढली आणि कंपनीच्या इंजिनियरांनी त्याच्यासमोर कबूल केलं, की टेप आधी डिजिटल करून घेतली जाते. हे काही वर्षं चालू होतं. डिजिटलच्या नावानं बोटं मोडणाऱ्या कितीतरी दर्दी मंडळींनी तोवर याच रेकॉर्डींचं तोंड भरून कौतुक केलेलं! त्यांना कुणी पैसे चारले नव्हते. रेकॉर्डी वाजतही उत्तम होत्या. मग चुकलं कुठे? त्यांनी ऐकला तो आवाज खराच, पण त्याचं श्रेय मात्र त्यांनी आपल्या समजुतीला दिलं.

आता तुझ्या लेखाकडे येतो. फोनला लावायच्या डोंगलपेक्षा टेबलावरचा डॅक लावल्यावर ‘गाण्यावरची धूळ झटकल्यासारखं’ वाटलं, असं म्हणतोस. दोन्हींचे आवाज सारखे करून घेतले होतेस का? टेबलावरचा डॅक साधारण २ व्होल्ट देतो, डोंगल बहुधा १ व्होल्टच्या आसपास. म्हणजे सहा डेसिबलचा फरक. एखाद्या डेसिबलनं वाढलेला आवाजसुद्धा आपल्याला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. दुकानदारांना ही युक्ती जुनीच ठाऊक आहे. तेव्हा १०० हर्ट्झचा सूर लाव (स्वस्त मल्टिमीटर एसी व्होल्टेज मोजताना वरच्या सुरांवर भरवशाचे नसतात), तारांवर व्होल्टेज मोज आणि एकीकडे २ असेल तर दुसरीकडे २.०२ च्या वर जाऊ देऊ नकोस. एवढं जुळवलंस, की ०.१ डेसिबलच्या आत आलास.

डॅक परत करायचा आहे की ठेवून घ्यायचा, हेही लिही. कंपन्या परीक्षकांना वस्तू महिनोन्‌महिने वापरायला देतात, पुढे सवलतीत विकतात. आपण खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं. पैसे न घेताही लेखणी मऊ होते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं समाजमाध्यमांवर वस्तूंची भलामण करणाऱ्यांसाठी सूचना काढल्या. त्यांत पैशांबरोबर फुकट मिळालेल्या वस्तू आणि सवलतीही उघड करायला सांगितल्या आहेत. तुला त्या लागू होतात की नाही, याचा कीस काढत बसू नकोस. सांगून टाक.

तुझी आवड मात्र पुसायला जाऊ नकोस. तू तबल्यावर वाढलेला, डग्गा भरून आल्याशिवाय तुझं समाधान होत नाही. हे पहिल्याच परिच्छेदात येऊ दे. ज्याला किशोरीताईंचा आवाज आणि तानपुरा ऐकायचाय, तो तुझ्या मतातून तेवढं वजा करून घेईल.

दिवाळीला येशील तेव्हा दोन्ही डबे घेऊन ये. वायरी मामी बदलेल, कपाटाआडून, चिठ्ठ्या उचलून. कुठला डबा महाग, याचं तिला सोयरसुतक नाही. तुला ती दिसणारही नाही. २० फेऱ्या करू, दर वेळी कुठला डबा वाजतोय ते तू ओळखायचं. निव्वळ अंदाजानं १५ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून १५ आल्या तर तो डॅक मीही घेईन. आकडा काहीही आला तरी पुढच्या लेखात जसाच्या तसा छापायचा, एवढं आधी कबूल कर.

तुझा,
मामा