थांब्यापासूनचे अंतर

सांगली-मिरज रस्त्यालगत विश्रामबागेत आम्ही पंधरा वर्षे भाड्याच्या घरात राहिलो. घर लहान होते. पण बसथांबा हाकेच्या अंतरावर होता. निवृत्तीनंतर अण्णा रोज सकाळी चालत थांब्यावर जात. एखाद्या दिवशी मिरजेला मित्राकडे, एखाद्या दिवशी सांगलीत गणपतीच्या दर्शनाला. येताना भाजी, औषधे आणि चार ओळखीच्या माणसांशी बोलणे. याला व्यायाम म्हणावे, असे त्यांच्या मनातही आले नसेल.

पुढे शहराच्या कडेला प्लॉट घेऊन आम्ही स्वतःचे घर बांधले. मोकळी हवा होती, अंगण होते. बस मात्र नव्हती. आम्हा पतिपत्नींकडे दुचाक्या होत्या. अण्णांना बाहेर पडायचे तर कोणीतरी नेणारे हवे. ‘तुला सवड असेल तेव्हा जाऊ,’ असे म्हणता म्हणता त्यांनी विचारणेच सोडले. वर्षभरात रक्तातील साखर वाढली. डॉक्टरांनी विचारले, ‘‘रोज किती चालता?’’ अण्णा शांतपणे म्हणाले, ‘‘जायला ठिकाण होते, तेव्हा चालत होतो.’’

ते उत्तर मनातून जाईना. आमच्या वसाहतीत बस का नाही, याचा मी प्रथमच विचार केला. चार घरे इथे, दोन तिथे, मधले प्लॉट रिकामे. अशा ठिकाणी बस भरणार कशी? बस नाही म्हणून घरोघरी दुचाकी, आणि दुचाकी आहे म्हणून बसला प्रवासी नाहीत. विश्रामबागेचे चित्र उलट आहे. दोन्ही टोकांना दोन शहरे, मध्ये १९१९ चे विलिंग्डन महाविद्यालय, १९४७ चे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, दुकाने आणि दाट वस्ती. तेथे दोन्ही दिशांच्या बसला प्रवासी मिळतात. ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९७४ मध्ये जलद बस सुरू केली आणि तिच्या मार्गालगतच उंच इमारतींना परवानगी दिली. प्रवासी बसच्या दाराशीच राहू लागले.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. थांब्यापर्यंत भरभर चालत जाण्याची दहा मिनिटे आणि येण्याची दहा धरली, तरी सात दिवसांत १४० मिनिटे होतात.

म्हणून वाचकहो, घर पाहताना खोल्यांबरोबर थांब्याचे अंतरही मोजावे. शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार आपल्याला हरकती व सूचना देता येतात. बसमार्गालगत घरे, दवाखाना व मंडई असावी आणि थांब्यापर्यंत सलग पदपथ असावा, एवढे तरी अवश्य लिहावे.

गेल्या वर्षी आम्ही ते घर भाड्याने देऊन विश्रामबागेत परत आलो. अण्णांच्या गोळ्या सुटलेल्या नाहीत. परंतु परवा त्यांना यायला उशीर झाला. दारात येत ते म्हणाले, ‘‘बस चुकली रे!’’ कितीतरी दिवसांनी त्यांची तक्रार ऐकून मला बरे वाटले.