देवभातास अनावृत पत्र

देवभाता,

ऋषीपंचमीला बैलाच्या कष्टाचं धान्य चालत नाही, तेव्हा डबक्यात आपोआप उगवणारा रानटी भात म्हणून तुझी आठवण निघते. एरवी खाचरात दिसलास की शेतकरी तुला मुळासकट उपटतात, आणि त्यांना दोष देववत नाही. तुझा दाणा पिकता पिकता झडतो, कुसळं लांबलचक, अन् एकदा शेतात शिरलास की वर्षानुवर्षं हटत नाहीस. शेतकऱ्याने तुझे लाड का करावेत?

पण सत्तरच्या दशकात आशियातल्या भाताला ‘ग्रासी स्टंट’ विषाणूने घेरलं. तपकिरी तुडतुडे तो रोपारोपांत पोचवत. रोप खुजं राही, गवतासारखे फुटवे सुटत, लोंबी मात्र धरत नसे. फिलिपाइन्सच्या लॉस बान्योस इथल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांवर नमुने तपासले. तगलास तू एकटा. तोही उत्तर प्रदेशातून गोळा केलेला तुझा एकच नमुना. शास्त्रज्ञांच्या वहीत तुझं नाव ओरायझा निवारा.

याच संस्थेतले, पंजाबात वाढलेले गुरदेव खुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुझा लागवडीच्या भाताशी संकर केला, मग त्या संततीचा पुन्हा पुन्हा त्याच भाताशी. पिढीगणिक तुझं झडणं, तुझी कुसळं, सगळा आडदांडपणा गाळला. हवा होता तो रोगाला अडवणारा एक जनुक. १९७६ साली आलेला, त्यातूनच घडलेला ‘आयआर ३६’ हा वाण ऐंशीच्या दशकात एक कोटीहून अधिक हेक्टरांवर उभा होता. खुश यांना १९९६ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. तुझ्या वाट्याला बीजपेढीतली थंडगार खोली आली.

ती खोली हवीच. पण तिथे तू, तुला गोळा केलं त्या दिवशीचाच राहतोस, बाहेरची कीड मात्र थांबत नाही. तुडतुड्यांना दाद न देणारा म्हणून १९७३ साली आणलेला ‘आयआर २६’ काही वर्षांतच नव्या तुडतुड्यांपुढे नमला. डबक्यात वाढणारा तू दरवर्षीच्या रोगाशी झुंजतोस, काही मरतोस, काही उरतोस. ते उरणं कुठल्याही प्रयोगशाळेला जमत नाही. आणि नेमकी तीच डबकी आपण रस्त्यासाठी, प्लॉटसाठी भराव टाकून बुजवतो.

वाघासाठी जंगलं राखावी लागतात. तुला पावसाळ्यात भरणारं, उन्हाळ्यात आटणारं एक उथळ तळं पुरेल. फक्त ते शेतापासून जरा लांब असावं. तुझे पराग वाऱ्याने पिकात गेले, तर पुन्हा उपटतील.