तात्यापाऱ्यातला ताल

नागपूरहून हावड्याच्या दिशेने निघालेली गाडी गोंदिया मागे टाकते, तेव्हा डब्यातली भाषा हळूहळू बदलू लागते. सालेकसाच्या जंगलापर्यंत मराठी ऐकू येत असते. डोंगरगडच्या टेकडीवरचे बमलेश्वरीचे मंदिर खिडकीतून दिसले, की चहावाल्याची हिंदी ठसठशीत होते आणि समोरच्या बाकावरच्या बायका छत्तीसगढीत गप्पा मारू लागतात. मग राजनांदगाव. मराठी घरात जन्मलेले हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध इथल्याच दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत असत. पुढे दुर्ग, भिलाईच्या पोलाद कारखान्याची धुराडी, खारून नदीचा पूल आणि रायपूर. अंतर सुमारे 300 किलोमीटर. सकाळी डबा घेऊन निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोहोचतो.

रायपूर हे तसे पर्यटकांचे गाव नव्हे. बस्तरचे धबधबे किंवा सिरपूरची विटांची मंदिरे बघायला जाणारी मंडळी इथे एक रात्र काढतात आणि पुढे निघतात. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड राज्य झाले आणि गाव राजधानी बनले. तेव्हापासून रुंद रस्ते आणि मोठमोठी दुकाने वाढत गेली आहेत. पण मराठी माणसाने इथे दोन दिवस मुक्काम करावा. त्याला आपलेच कोणी तरी भेटल्यासारखे वाटते.

त्याचे कारण जुने आहे. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत फौज घेऊन रतनपूरवर आले. पुढे 1758 पासून 1787 पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरातून छत्तीसगडचा कारभार पाहिला. 1818 नंतर इंग्रज अधिकारी ॲग्न्यू याने राजधानी रतनपूरहून रायपूरला हलवली. भोसल्यांचे राज्य 1854 मध्ये गेले, मात्र त्यांच्यामागून आलेली कारकून, भटजी, वकील आणि मास्तर मंडळी इथेच राहिली. दुधाधारी मठातल्या भिंतींवर मराठा काळातली चित्रे आजही दाखवली जातात. 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढणारे आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणणारे माधवराव सप्रे रायपूरचेच. त्यांना मासिकाच्या कामी साथ देणाऱ्या वामनराव लाखे यांच्या नावाने गावात लाखेनगर आहे. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. गणपतीच्या दिवसांत तिथे नऊवारीची घडी मोडली जाते.

आणि तात्यापारा आहे. पारा म्हणजे वस्ती. शारदा चौकाकडून आत वळले की जुन्या रायपूरच्या गल्ल्या सुरू होतात. नव्या सिमेंटच्या इमारतींच्या मध्ये एखादे कौलारू घर अजून अंग चोरून उभे असते. दारावर मराठी आडनाव, अंगणात तुळस आणि आतून येणारी मराठी मात्र थेट नागपुरी वळणाची, वर तिला हिंदीची फोडणी. “काय करून राहिली गं तिकडे?” असा प्रश्न ऐकू आला, तर दचकू नये. हे बोलणारे घर पाच पिढ्या इथले आहे.

मामा नसलेला मामाचा गाव

अशाच एका घरात गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरची एक बारा वर्षांची मुलगी आली होती. मामाच्या गावाला जायचे, एवढे सगळ्या मुलांप्रमाणे तिचेही ठरलेले. अडचण इतकीच, की तिचा मामा मामाच्या गावात नव्हता. तो पुण्याला नोकरी करतो. दर रविवारी फोन करतो, आईशी अर्धा तास बोलतो आणि वडिलांशी दोन वाक्ये. तब्येत कशी आहे? औषध घेतले ना? संपले.

आजोबा बँकेतून निवृत्त झालेले. ते संध्याकाळी घरीच मुलांना तबला शिकवीत. त्यांचा पहिला विद्यार्थी अर्थातच मुलगा. हात चांगला होता, असे आजी अजून सांगते. 2008 साली तो अकरावीत असताना सिंगापूरहून आलेल्या नातेवाइकाने त्याला एक हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम आणून दिला. रियाज मागे पडला. कानात वायर घालून मुलगा तासन्‌तास बटणे दाबत बसू लागला. एके दिवशी आजोबांनी ते यंत्र काढून घेतले आणि माळ्यावरच्या ट्रंकेत टाकून कुलूप लावले. मुलाने ते परत मागितले नाही. तबल्यालाही पुन्हा हात लावला नाही.

ती ट्रंक या उन्हाळ्यात नातीने उघडायला लावली. जुन्या रजया, लग्नातले फोटो आणि तळाशी ते काळे चकचकीत यंत्र. ‘प्लेस्टेशन पोर्टेबल’, मुलांच्या भाषेत पीएसपी. जपानच्या सोनी कंपनीने ते डिसेंबर 2004 मध्ये बाजारात आणले आणि 2014 च्या सुमारास बंद केले. आत एक छोटी तबकडी तशीच अडकलेली होती. तिच्यावर टोपी घातलेल्या कुत्र्याचे चित्र होते. ‘पराप्पा द रॅपर’.

नातीला तो कुत्रा ठाऊक होता. नागपुरात मैत्रिणीकडे याच खेळाची 2017 ची नवी आवृत्ती तिने मोठ्या टीव्हीवर खेळून पाहिली होती आणि सारखी हरली होती. “हे चालू झालं तर मी जिंकीन,” असे तिचे म्हणणे. आजोबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्याआधी, त्यांनी स्वतःच पायात चपला घातल्या.

रवी भवनाची वारी

तात्यापाऱ्याहून जयस्तंभ चौक चालत जाण्याइतका जवळ आहे. पण मे महिन्यातल्या रायपुरात पारा 43 अंशांना भिडतो आणि दहानंतर रस्त्यावर कोणी हौसेने चालत नाही. वाटेत नातीला उसाचा रस मिळाला. चौकातून एका बाजूला मालवीय रोड गोलबाजाराकडे जातो. तिथे लग्नाच्या बस्त्यापासून पूजेच्या साहित्यापर्यंत सगळे मिळते. जुने रायपूरकर गोलबाजारात गेल्याशिवाय खरेदी झाली असे मानत नाहीत. चौकातच रवी भवन आहे. मोबाईलची दुकाने एकाला एक लागून, प्रत्येक काउंटरवर उघडलेले फोन आणि त्यांवर वाकलेली तरुण डोकी.

चार ठिकाणी नकार मिळाला. पाचव्या काउंटरवरच्या मुलाने यंत्र हातात घेतले, मागचे झाकण चाचपले आणि हसला. बॅटरी फुगून झाकण वर आले होते. लिथियमची बॅटरी वर्षानुवर्षे पडून राहिली की आत वायू धरते. ती टोचली किंवा वाकवली तर पेट घेऊ शकते. त्याने ती हलक्या हाताने काढून पत्र्याच्या डब्यात ठेवली. बटणांखालच्या रबरी पट्ट्या काढून स्पिरिटने पुसल्या, तबकडी वाचणाऱ्या भिंगावरची धूळ कापसाने टिपली. बॅटरी मात्र दुसरी मागवावी लागणार होती. कंपनीची मूळ बॅटरी आता बनत नाही, तिच्या मापाची दुसऱ्या बनावटीची मिळते.

“बन जाही, बाबूजी,” तो म्हणाला. नातीला एवढी छत्तीसगढी समजली.

वाट पाहण्याच्या दिवसांत आजोबांनी तिला गाव दाखवले. राजनांदगावच्या महंत घासीदासांच्या देणगीतून 1875 मध्ये उभे राहिलेले संग्रहालय, पुरानी बस्तीतले महामाया मंदिर, आणि संध्याकाळी बूढा तालाब. तलावात विवेकानंदांचा भव्य पुतळा आहे, कारण 1877 मध्ये लहानगा नरेंद्र रायपूरला आला आणि सुमारे दोन वर्षे इथल्या बूढापाऱ्यात राहिला. तलावाच्या काठी भुट्टा खात नातीने आजोबांना तो खेळ समजावून सांगितला. त्या आधी त्यांनी कधी विचारलेच नव्हते.

गुरू म्हणतो, शिष्य म्हणतो

खेळ असा आहे. पराप्पा हा कागदासारखा पातळ कुत्रा. त्याला सूर्यफुलासारख्या चेहऱ्याच्या मुलीवर छाप पाडायची आहे. त्यासाठी तो एकेका गुरूकडे जातो. पहिला गुरू कांद्याच्या डोक्याचा कराटे मास्तर, मग गाडी शिकवणारी मास्तरीण, मग बाजारातला बेडूक, मग स्वयंपाक शिकवणारी कोंबडी. एका पाठात तर पोट बिघडलेला पराप्पा शौचालयाच्या रांगेत पुढे सरकण्यासाठी गातो. गुरू एक ओळ तालात म्हणतो आणि खेळणाऱ्याने तीच ओळ त्याच लयीत बटणे दाबून परत म्हणायची. चुकलात की गुण जातात. मसाया मात्सुउरा या जपानी संगीतकाराच्या कल्पनेतून हा खेळ डिसेंबर 1996 मध्ये आला. चित्रे अमेरिकन चित्रकार रॉडनी ग्रीनब्लाट यांची. लयीच्या खेळांची लाट ज्या थोड्या खेळांनी आणली, त्यांत याचे नाव घ्यावेच लागते. दहा वर्षांनी, 2006 मध्ये, तो या हातातल्या यंत्रावर आला.

“म्हणजे पढंत,” आजोबा म्हणाले.

खरोखरच. तबल्याचा गुरू आधी बोल तोंडाने म्हणतो आणि शिष्य ते तोंडाने म्हणून मग हाताने वाजवतो. छत्तीसगडला तर ही गोष्ट नवी नाहीच. पंडवानी गाणारा हातात तंबुरा घेऊन भीमाची कथा सांगतो आणि शेजारी बसलेला रागी त्याला हुंकारा देतो, प्रश्न विचारतो, ओळ उचलून धरतो. 2019 मध्ये पद्मविभूषण मिळालेल्या तीजनबाईंचा कार्यक्रम ज्यांनी पाहिला असेल, त्यांना रागीशिवाय पंडवानीची कल्पना करता येणार नाही.

मग नागपूरच्या टीव्हीवर नात का हरत होती? तिची चूक नव्हती. मिनिटाला 100 ठोके असा वेग धरला, तर एक मात्रा 0.6 सेकंदाची होते. चौगुणीत तिचे चार भाग केले, की प्रत्येकाच्या वाट्याला 0.15 सेकंद येतो. आजचे मोठे टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी ते आधी आत चाळत बसतात आणि त्यात सहज 0.1 सेकंद जातो. बिनवायरचे कर्णे असतील तर आवाज आणखी मागे राहतो. सिनेमा बघताना हे कळत नाही. तालाच्या खेळात मात्र बोटे समेवर आणि चित्र समेनंतर, असा प्रकार होतो. 1996 च्या काचेच्या जाड टीव्हीवर ही अडचण नव्हती. म्हणून 2017 च्या आवृत्तीत रंग उजळले, रेषा रेखीव झाल्या, पण ताल हातात बसत नाही, अशी तक्रार अनेक जुन्या खेळाडूंनी केली. हातातल्या यंत्रात पडदा, आवाज आणि बटणे एकाच डबीत असतात. उशीर जाणवत नाही.

जुनी गोष्ट नव्या मंचावर आणताना नेमके काय सांभाळायचे, हा प्रश्न रायपूरच्या एका मोठ्या माणसालाही पडला होता. नाटककार हबीब तनवीर यांचा जन्म 1 सप्टेंबर 1923 रोजी याच गावात झाला. नाचा या लोकनाट्याचे कलाकार घेऊन त्यांनी नाटके बसवायला सुरुवात केली, तेव्हा ते त्यांच्याकडून हिंदी बोलवून घेत आणि मंचावर कुठे उभे राहायचे ते आखून देत. कलाकार अवघडून जात. आपली चूक कुठे होते ते तनवीरांना कळायला काही वर्षे लागली. 1973 मध्ये रायपुरात त्यांनी नाचाची महिनाभराची कार्यशाळा घेतली. कलाकार आपल्या छत्तीसगढीत, आपल्या चालीने मोकळे झाले आणि ‘गाँव के नाँव ससुराल, मोर नाँव दमाद’ हे नाटक उभे राहिले. ‘चरणदास चोर’ त्यानंतरचे, 1975 चे.

पहिला पाठ

बॅटरी आली. यंत्र सुरू झाले आणि त्याने आधी तारीख विचारली, कारण त्याचे घड्याळ शून्यावर गेले होते. खेळाची जुनी नोंद मात्र छोट्या मेमरी कार्डावर शाबूत होती. मामाने सहाही पाठ पुरे केले होते.

नात पहिला पाठ दोन प्रयत्नांत जिंकली. मग यंत्र आजोबांच्या हातात आले. त्यांना पडद्यावरच्या त्रिकोण-चौकोनांचा माग घेता येईना, म्हणून त्यांनी डोळे मिटले. कांदा मास्तरची ओळ ऐकली आणि सवयीने दोन ठोक्यांच्या मध्ये आणखी चार ठोके भरले. नात ओरडली, “आजोबा, असं नाही करायचं!” पण गुण वाढले. आणखी एकदा. मग पडद्यावर ‘कूल’ हा शब्द उजळला, कांदा मास्तर निघून गेला आणि पराप्पा एकटाच नाचू लागला.

या खेळातली ही खरी खुबी. गुरूची ओळ जशीच्या तशी म्हटली तर तुम्ही उत्तीर्ण होता, एवढेच. लय न सोडता तिच्यात स्वतःचे काही घातले, तर गुरू जागा सोडतो आणि पुढचे तुमचे तुम्ही वाजवायचे. तबल्यात कायद्याचे पलटे करतात तसे.

आजोबा बराच वेळ यंत्र हातात धरून बसले. “हे तो सांगत होता मला,” ते म्हणाले. “मी ऐकलं नाही.” आजी स्वयंपाकघरात फरे वाफवत होती. तांदळाच्या पिठाचे हे मुटके तिने लग्नानंतर शेजारणीकडून शिकून घेतले होते. तिने ऐकले असावे, पण ती बाहेर आली नाही.

रविवारी फोन आला. अर्धा तास झाल्यावर आजीने तो नेहमीप्रमाणे पुढे केला. तब्येत बरी होती, औषध घेतले होते. मग आजोबा म्हणाले, “ती गाडी शिकवणारी मास्तरीण आहे ना, दुसऱ्या पाठातली, तिच्यापाशी मी अडकतो. कुठे चुकतो ते कळत नाही.”

पलीकडे काही क्षण आवाज आला नाही.

“बाबा, घाई करत असाल,” मामा शेवटी म्हणाला. “तिची ओळ पूर्ण होऊ द्या. थांबा, मी मात्रा मोजतो. फोन स्पीकरवर टाका.”

फोन यंत्राशेजारी ठेवला गेला. पुण्याहून एक, दोन, तीन, चार येऊ लागले. फोनवरून ते अर्धी मात्रा उशिराच पोहोचत होते. नातीच्या ते लगेच लक्षात आले, आजोबांच्याही आले असणार. दोघांपैकी कोणीही ते सांगितले नाही. आजोबा तो डाव हरले. मग त्यांनी मामाला पुन्हा पहिल्यापासून मोजायला सांगितले.