छत्तीस आऱ्यांचे चाक

बैलगाडीचे चाक आणि सायकलचे चाक दोन्ही गोल. परंतु ओझे पेलण्याची त्यांची रीत अगदी निराळी आहे. बैलगाडीच्या तुंब्यावर आलेला भार खालच्या बाजूच्या लाकडी आऱ्यावर उभा राहतो, खांबावर तुळई टेकावी तसा. म्हणून तो आरा जाडजूड असावा लागतो. सायकलचा आरा म्हणजे दोन मिलिमीटर जाडीची तार. तिच्यावर भार उभा करू गेल्यास ती तत्काळ वाकेल. तरीही अशाच तारांच्या चाकांवर, मागच्या कॅरिअरला केळीचे घड आणि भाजीच्या पाट्या बांधून, माझ्या लहानपणी वसईचे बागायतदार पहाटेची गाडी गाठीत असत. त्या काळ्या, उंच सायकलींच्या पुढच्या चाकात ३२ आणि मागच्या चाकात ४० आरे असत. ही इंग्रजी परंपरा आपल्याकडे आली आणि टिकली, कारण आपले रस्ते आणि आपली ओझी तिला मानवली.

तारेला ढकलता येत नाही, ओढता मात्र येते. सायकलच्या चाकाचे सारे रहस्य एवढेच आहे. प्रत्येक आरा आधीच कडक ताणून ठेवलेला असतो. माणूस खोगिरावर बसला की जमिनीलगतच्या चार-पाच आऱ्यांचा ताण थोडा उतरतो. आणि तो पुरता संपत नाही तोवर चाक आपला आकार सोडत नाही. तारांच्या ताणावर चाक उभे करण्याची कल्पना इंग्लंडमध्ये जॉर्ज केली यांनी १८०८ साली मांडली होती. पुढे १८७४ साली जेम्स स्टार्ली यांनी तुंब्यापासून तिरपे निघून एकमेकांना छेदणारे आरे आणले. पायडलचा जोर तुंब्यातून धावेपर्यंत पोहोचवायचा तर आरे असे तिरपेच हवेत.

एका साहित्यिक त्रैमासिकात हा यंत्रविषय कशाला, असे वाचक विचारतील. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या घराघरांतून वाकड्या दांड्याच्या, बारीक टायरच्या रोड बाइक दिसू लागल्या आहेत. मुले दोनशे किलोमीटरचे अंतर साडेतेरा तासांत पुरे करण्याच्या ‘ब्रेव्हे’त भाग घेतात, काहीजण त्याच सायकलीने कामावर जातात. आणि घरातली वडीलधारी माणसे दारात उभी राहून वाट पाहतात.

अशीच एक माता मागील वर्षी माझ्याकडे आली. तिचा मुलगा दुसऱ्या पाळीचे काम आटोपून रात्री सायकलने परततो. अंगाने धिप्पाड, वजन नव्वद किलो, शिवाय पाठीवर डबा आणि कपड्यांची पिशवी. आठ महिन्यांत त्याच्या मागच्या चाकाचा आरा तीनदा तुटला. तिसऱ्या वेळी तो उड्डाणपुलाच्या उतारावर होता. आरा तुटला, चाक झोल खाऊन ब्रेकला घासू लागले आणि सायकल आडवी झाली. मागून येणाऱ्या टँकरच्या चालकाने वेळीच गाडी आवरली. मुलगा कोपरे खरचटून, सायकल खांद्यावर घेऊन मध्यरात्री घरी आला.

“फादर, तुमचं तो ऐकतो. त्याला सायकल विकायला सांगा,” ती म्हणाली.

मुलाच्या मनात वेगळेच होते. हप्त्यांवर कार्बनची चाके घ्यावीत, असा त्याचा बेत. “एवढी महाग आहेत फादर, म्हणजे मजबूत असणारच,” हे त्याचे तर्कशास्त्र.

सेमिनरीत असताना आवारातील साऱ्या सायकलींची देखभाल माझ्याकडे होती, तेव्हापासून चाक हाती घेतल्याखेरीज मला मत देता येत नाही. सायकल मागवून घेतली. पुढे २० आरे, मागे २४. अंगणातल्या बाकावर ती उलटी ठेवून मी मागच्या चाकाचे आरे बोटांनी छेडले. उजव्या बाजूचे खणखणीत वाजले. डाव्या बाजूचे मात्र सैल तारेसारखे भदभदले. तुटलेले तिन्ही आरे डाव्या बाजूचेच होते आणि तिन्ही तुंब्याजवळ, जिथे आरा काटकोनात वळतो, तिथेच तुटले होते.

हे असे का होते, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला गिअरच्या दातेरी चकत्यांची चळत असते. तिला जागा करून देण्यासाठी उजवीकडचे आरे जवळजवळ उभे लावावे लागतात आणि धाव मध्यावर ठेवण्यासाठी ते डावीकडच्यांपेक्षा पुष्कळच अधिक ताणावे लागतात. गिअर वाढत गेले तशी ही असमानताही वाढत गेली. परिणामी डावीकडचे आरे स्वभावतःच सैल. त्यात स्वाराचे वजन अधिक पडते मागच्या चाकावर. प्रत्येक फेऱ्यात सैल आऱ्याचा ताण उतरतो, पुन्हा चढतो. तुंब्याच्या भोकात त्याचे कोपर इवलेसे हलते. तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवली तर ती थकून तुटते, हे आपण पाहिले आहे. इथेही तेच, फक्त लाखो वेळा. आरा जास्त ताणला म्हणून तुटतो, ही सार्वत्रिक समजूत आहे. अनुभव असा, की बहुतेक आरे सैल राहिल्याने जातात.

तेव्हा त्या मुलाला माझे सांगणे साधे होते: मागे ३६ आरे, पुढे ३२, आणि प्रत्येक आरा वाटेत इतर तीन आऱ्यांना छेदून जाणारा. आरे जितके अधिक, तितका एकेकाच्या वाट्याचा चढउतार कमी. शिवाय छत्तीसातला एक तुटला तर चाक थोडे डोलते, ब्रेक सैल करून घर गाठता येते. वीस-चोविसातला एक तुटला की काय होते, ते त्याने अनुभवले होतेच. वजनाचा हिशेब त्याने घातला. दोन्ही चाकांत मिळून चोवीस आरे जास्त, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या आसपास. बाटलीतल्या पाण्याचे चार घोट!

आरे स्टेनलेस पोलादाचे घ्यावेत, आणि टोकांना दोन मिलिमीटर पण मध्ये १.८ मिलिमीटर जाडीचे. बारीक केलेला आरा अधिक टिकतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. परंतु मधला बारीक भाग रबरासारखा किंचित ताणला जातो आणि कोपरावर येणारा झटका स्वतःवर घेतो. निपल पितळी हवेत. ॲल्युमिनियमचे हलके असतात, पण आपल्या खाऱ्या हवेत ते पोलादी आऱ्याशी धरून बसतात आणि चावी लावली की फुटतात. धाव दुहेरी भिंतीची, ॲल्युमिनियमची, दिखाऊ उंची नसलेली. टायर मात्र फ्रेममध्ये मावेल तेवढा रुंद, निदान २८ मिलिमीटरचा. खड्ड्याचा पहिला मार हवा खाते, धाव नंतर.

कार्बनच्या धावेवर माझा राग नाही. फ्रान्समधील पॅरिस-रूबे ही शर्यत १८९६ पासून चालते. पन्नासाहून अधिक किलोमीटर दगडी फरसबंदीवरून जाणाऱ्या या शर्यतीत दीर्घकाळ ३२ वा ३६ आऱ्यांची ॲल्युमिनियमची चाके वापरली जात. आता तिथेही कार्बन आले आहे. पण त्या स्वारांच्या मागे सुटी चाके घेतलेली मोटार असते. आपल्या मुलाच्या मागे टँकर होता. शिवाय त्याच्या सायकलीचे ब्रेक धावेवर दाबणारे. लांब घाटउतारावर सतत ब्रेक धरला तर कार्बनची धाव तापून बिघडण्याचा धोका असतो आणि तडकली की कोणताही मिस्त्री ती सांधून देऊ शकत नाही.

स्टेशनजवळच्या एका वृद्ध मिस्त्रीकडे आम्ही सामान घेऊन गेलो. मुलगा साशंक होता. त्या टपरीवर पंक्चरच काढतात, असा त्याचा समज. मिस्त्रीने जुने चाक फिरवून पाहिले. “आउट नाही याला. सरळ आहे, पण सैल आहे,” तो म्हणाला. यंत्रावर भरलेल्या कित्येक चाकांची हीच कथा असते. नवे चाक भरायला त्याने अख्खी दुपार घेतली. निपलच्या आट्यांना तेलाचा थेंब, मग अर्धा-अर्धा फेरा, पुन्हा आउट काढणे, पुन्हा अर्धा फेरा. एकेका बाजूचे आरे छेडून त्यांचा सूर जुळवणे. शेवटी त्याने समांतर आऱ्यांच्या जोड्या दोन्ही मुठींत धरून जोराने आवळल्या. आतून टिक्‌-टिक्‌ असे आवाज आले, पीळ पडलेले आरे सुटून बसले. त्यानंतर थोडा आउट आला, तो त्याने पुन्हा काढला. ही आवळणी टाळली तर तोच पीळ पहिल्या प्रवासात रस्त्यावर सुटतो.

मातेला मी सांगितले की सायकल विकू नका, चाक बदलले आहे. तिला ते पुरते पटलेले दिसले नाही, आणि आईचे हे पटणे-न पटणे माझ्या अखत्यारीत नाही. मुलाला मात्र दोन कामे नेमून दिली आहेत. ओल्या दिवसांत रेती आणि चिखल ब्रेकच्या रबरात अडकून धाव कानशीसारखी घासतो. म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला रबर आणि धाव पुसायची आणि धावेच्या कडेवर कोरलेली बारीक खाच बुजली की धाव बदलायची. दुसरे, फ्रेमच्या दांड्याला चिकटपट्टीने सुटे आरे बांधून ठेवायचे: मागच्या चाकाच्या उजव्या बाजूचे दोन, डाव्या बाजूचे दोन. त्यांची लांबी सारखी नसते, म्हणून डाव्या आऱ्यांना त्याने लाल दोरा गुंडाळला आहे.