झावळ्यांची राख आणि कडुनिंबाचा कोळसा

राखेचा बुधवार जवळ आला, की गतवर्षीच्या झावळ्यांची आठवण होते. क्रुसामागे खोचून वर्षभर जपलेल्या, उन्हाने पिवळ्या पडलेल्या झावळ्या धर्मग्रामातील कुटुंबे आणून देतात आणि आम्ही त्या चर्चच्या मागील अंगणात पत्र्याच्या घमेल्यात जाळतो. दोन पोती झावळ्यांतून निघते ती जेमतेम ओंजळभर राख. आमच्या तुर्भ्यात धुराचे अप्रूप कोणाला असणार? एकीकडे ठाणे-बेलापूर रस्त्यावरील कारखाने, दुसरीकडे भाजीपाल्याच्या आणि धान्याच्या घाऊक बाजारात रात्रंदिवस घरघरणारे ट्रक, डोंगराच्या अंगाला दगडखाणींच्या खुणा आणि साऱ्या नवी मुंबईचा कचरा पोटात घेणारी क्षेपणभूमी. त्यात आमच्या घमेल्याच्या धुराची भर ती कितीशी!

यंदा त्या घमेल्यापाशी आमच्या सोबतीला एक तरुण उभा होता. काठीने झावळ्या सारता सारता तो सहज म्हणाला, "फादर, या पानांना हवा लागू दिली नसती, तर त्यांची राख झाली नसती."

वाक्य साधेच होते. पण ते उच्चारणारा कोण, हे ठाऊक असल्यामुळे ते आमच्या काळजाला लागले. का लागले, हे सांगण्यासाठी वाचकांना तीन वर्षे मागे न्यावे लागेल.

या तरुणाचे वडील आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका दुष्काळी खेड्यातून पोटासाठी तुर्भ्याला आले आणि रसायनांच्या एका कारखान्यात कामगार म्हणून आयुष्य झिजवून बसले. मुलगा हुशार. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाला आणि पुण्यास जाऊन संशोधन करीन, असा त्याने हट्ट धरला. बाप-लेक दोघेही आमच्याकडे आले. "फादर, तुम्हीच समजवा याला. पाच वर्षं आणखी शिकायचं म्हणतो. घरात बहिणीचं लग्न आहे," असे वडील म्हणाले. आम्ही मुलाला विचारले, "अरे, पण तू शोधणार तरी काय?" तो म्हणाला, "वीज साठवण्याचे नवे पदार्थ." त्यावर आम्ही हसलो आणि वडीलकीच्या सुरात म्हणालो, "वीज साठवायला बॅटऱ्या आहेत, बाळ. तू आधी घर सावर." मुलाने मान खाली घातली आणि एका कंपनीच्या तपासणी विभागात नोकरी धरली. आपण एक घर सावरले, या समाधानात आम्ही त्या रात्री स्वस्थ झोपलो.

आता घमेल्यापाशी तोच मुलगा आम्हाला कोळशाचे शास्त्र सांगत होता. पान उघड्यावर जाळले, की त्यातील कार्बन हवेतील ऑक्सिजनशी मिळून वायुरूपाने निघून जातो. मागे उरतात ते मातीतून आलेले क्षार. तीच राख. पण हवा कोंडून तापवले, तर कार्बन जागच्या जागी राहतो. ठाणे-रायगडच्या डोंगरांत कातकरी बांधव मातीने लिंपलेली भट्टी लावून कोळसा पाडत, त्यामागे हेच तत्त्व. "पुण्यात डॉ. सतीशचंद्र ओगले आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कडुनिंबाच्या वाळक्या पानांचं असंच केलं, फादर. त्या कोळशात वीज साठते," असे तो म्हणाला. नोकरी करूनही तो हे सारे वाचत होता, याचा आम्हाला पत्ताच नव्हता.

त्या रात्रीपासून आम्ही या ओगल्यांचा माग काढू लागलो. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी आम्ही पुण्याला रामवाडीत काही वर्षे काढली आहेत. त्याच शहरात, गणेशखिंडीत विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काय चालले आहे, हे जाणून घेण्याची जिज्ञासा आम्हाला तेव्हा झाली नाही, याची आता खंत वाटते. कारण आम्ही तेथे जाण्याच्या काही वर्षे आधीच तेथे एक विलक्षण प्रयोग झाला होता. १९८७ साली ओगले, सुलभा कुलकर्णी, वि. गो. भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याखाली ठेवलेल्या लोखंडावर लेसरचा क्षणमात्र झोत सोडला. झोत पडतो त्या ठिकाणी धातू आणि पाणी यांच्या सीमेवर कल्पनातीत उष्णता निर्माण होते आणि दुसऱ्याच क्षणी पाणी ती शोषून घेते. त्या धांदलीत लोखंडाची अशी ऑक्साइडे तयार होतात, जी एरवीच्या संथ तापण्या-निवण्यात हाती लागत नाहीत. हा निबंध 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला. 'नॅनो' हा शब्द तेव्हा आजच्यासारखा कोणाच्या तोंडी नव्हता. पुढे द्रवात बुडवलेल्या धातूवर लेसर सोडून नॅनोकण मिळवण्याची रीत जगभर रूढ झाली आणि तिचा इतिहास लिहिणारे पुण्याच्या या प्रयोगाकडे बोट दाखवू लागले.

नॅनो म्हणजे किती लहान? एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर भरते. पदार्थ इतका बारीक झाला, की त्याच्या आतल्यापेक्षा त्याच्या पृष्ठभागालाच अधिक महत्त्व येते आणि त्याचे गुणधर्म पालटू लागतात.

ओगले पुढे अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात गेले. तेथे धातूंच्या ऑक्साइडांचे अतिपातळ थर आणि त्यांचे चुंबकीय गुण यांवर त्यांनी दीर्घकाळ काम केले. त्यानंतर ते पुण्यास परतले आणि पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ऊर्जेच्या प्रश्नाकडे वळले. तेथूनच २०१३ साली वाळक्या पानांवरील तो निबंध प्रसिद्ध झाला. त्यावर चार नावे आहेत आणि ओगल्यांचे नाव सर्वांत शेवटी आहे. विज्ञानाच्या जगात ही रीतच आहे, असे मुलाने सांगितले. आम्हाला ती रीत फार आवडली.

कडुनिंबाची वाळकी पाने दळून, हवा आत येऊ न देता तापवली, तेव्हा असा कार्बन मिळाला, ज्याच्या एका ग्रॅमला सुमारे १,२३० चौरस मीटर पृष्ठभाग होता. आम्हा मराठी माणसांच्या हिशेबात हे बारा गुंठे झाले. चिमूटभर पुडीत बारा गुंठे जमीन! एरवी कार्बनला अशी सूक्ष्म छिद्रे पाडण्यासाठी वेगळी रसायने वापरून आणखी एक प्रक्रिया करावी लागते. येथे पानाने जन्मभर मातीतून शोषलेल्या क्षारांनीच ते काम केले. जो अंश आम्ही राख म्हणून ओळखतो, त्यानेच कोळशाच्या अंगात घरे कोरली.

या घरांत वीज राहते ती अशी. असा कार्बन लावलेल्या दोन पट्ट्या एखाद्या आम्लाच्या द्रावणात ठेवून त्यांना वीज जोडली, की द्रावणातील विद्युतभारित कण, म्हणजे आयन, त्या छिद्रांच्या भिंतींना जाऊन बिलगतात. याला सुपरकपॅसिटर म्हणतात. बॅटरी आणि सुपरकपॅसिटर यांतील भेद तुर्भ्याच्या वाचकाला समजावणे सोपे आहे. बॅटरी म्हणजे बाजारातील गोदाम: माल पुष्कळ मावतो, पण चढवायला-उतरवायला वेळ लागतो. सुपरकपॅसिटर म्हणजे व्यापाऱ्याचा गल्ला: मावते थोडे, पण देणे-घेणे तत्क्षणी आणि दिवसातून कितीही वेळा. आत रासायनिक उलथापालथ फारशी होत नसल्यामुळे तो लाखो वेळा भरता-रिकामा करता येतो.

कडुनिंबाच्या कार्बनने एका किलोमागे सुमारे ५५ वॅट-तास ऊर्जा साठवण्याची क्षमता प्रयोगात दाखवली. म्हणजे नऊ वॅटचा एक दिवा सहा तास जळेल एवढी. येथे सत्य सांगितले पाहिजे. हा आकडा केवळ कार्बनच्या वजनावर मोजलेला असतो. द्रावण, वेष्टन, तारा हे सारे धरून बाजारात उभे राहणारे यंत्र त्याहून बरेच उणे भरते. लिथियमची बॅटरी आजही किलोमागे कितीतरी अधिक ऊर्जा साठवते. कडुनिंबाच्या पानांनी जगाचा प्रश्न सोडवला, असे म्हणणे ही भाबडेपणाची हद्द होईल.

मग लाभ काय? हाच प्रश्न आम्ही मुलाला विचारला, पण या खेपेस हसून नव्हे. त्याने आम्हाला मिठाची गोष्ट सांगितली. लिथियम आपल्या देशाला परदेशांवर विसंबून मिळवावे लागते. सोडियम मात्र समुद्रात अमाप आहे. ठाणे खाडीकाठच्या मिठागरांत आमच्या आगरी बांधवांच्या पिढ्यांनी तेच तर पिकवले. परंतु सोडियमचा आयन लिथियमहून मोठा. लिथियमच्या बॅटरीत वापरतात त्या ग्रॅफाइटच्या नीटस थरांत त्याला बिऱ्हाड थाटता येत नाही. त्याला वेडावाकडा, पोकळ्या असलेला कार्बन लागतो, आणि तसा कार्बन वनस्पतींच्या टाकाऊ भागांपासूनही करता येतो. ओगले पुढे पुण्याच्या आयसर या संस्थेत गेले, तेव्हा त्यांच्या गटाच्या कामात सोडियमच्या बॅटरीचाही समावेश होता. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसरच्या सहकार्याने विकसित झालेले सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान जाहीर केले. ओगल्यांनी कोलकात्याच्या टीसीजी क्रेस्ट या संस्थेत शाश्वत ऊर्जेच्या संशोधनाची धुराही सांभाळली.

लोखंडावरील लेसरपासून कडुनिंबाच्या पानापर्यंत सव्वीस वर्षे. या सव्वीस वर्षांत कोणी हितचिंतकाने "आधी घर सावर" असे सांगितले असते, तर? सांगितलेही असेल. सगळ्याच घरांना हितचिंतक असतात.

आम्ही सेमिनरीत नऊ वर्षे काढली. त्या काळात आमच्या वडिलांना गावातील कोणीही विचारले नाही, की मुलगा एवढी वर्षे शिकतो, तो कमावणार कधी? ईश्वरी पाचारण म्हटले, की लोक नऊ वर्षांचा हिशेब मागत नाहीत. मग याच मुलाच्या पाच वर्षांचा हिशेब आम्ही का मागितला? धुराच्या गावात राहून धुरावर उपाय शोधू पाहणाऱ्या मुलाच्या ओढीला आम्ही पाचारण मानले नाही, त्याला हट्ट समजलो. तो हट्ट नव्हता. चूक आमची होती.

चूक कळली, तरी ती निस्तरावी लागते. राखेच्या बुधवारी संध्याकाळची मिस्सा आटोपून, कपाळावरची राख तशीच असताना, आम्ही त्यांच्या घरी गेलो. वडील खोकत खाटेवर बसले होते. आम्ही म्हणालो, "तीन वर्षांपूर्वी मी तुमच्या मुलाला चुकीचा सल्ला दिला. तो मागे घ्यायला आलो आहे."

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फादर, सल्ला चुकीचा नव्हता. पोरीचं लग्न त्याच पैशात झालं."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. खरे तर अजूनही नाही. त्यांच्या घराला ते पैसे हवे होते, हे खरे. आणि त्या मुलाची तीन वर्षे गेली, हेही खरे. आम्ही तो विषय तेथेच सोडला आणि खिशातून कागद काढला. राष्ट्रीय पात्रता परीक्षेत शिष्यवृत्तीसाठी निवड झालेल्या संशोधक विद्यार्थ्याला जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे निराळे; हे आम्ही नीट विचारून लिहून आणले होते. तीन वर्षांपूर्वी आम्ही एवढीही चौकशी केली नव्हती. मुलाचा सध्याचा पगार, घराचा हप्ता, औषधपाणी असे एकेक आकडे त्यांनी सांगितले आणि आम्ही मांडत गेलो. बेरीज काठोकाठ आली. ओलांडली नाही, इतकेच.

वडिलांनी तो कागद उजेडाशी धरून दोनदा वाचला. मुलाची आई दाराशी उभी होती. "परीक्षेची पुस्तकं अजून आहेत का रे?" त्यांनी विचारले.

मुलाने खाटेखालची पत्र्याची पेटी पुढे ओढली.