४८ आकडी किल्ली

संहितेवर मत देण्यापूर्वी ती शेवटपर्यंत वाचावी, हे आम्ही दोघे गेली अठरा-वीस वर्षे अमरावतीच्या महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांना सांगत आलो आहोत. नोव्हेंबर २०२५ मधल्या एका रविवारी चार ओळींची एक संहिता आम्ही स्वतःच वाचली नाही. त्याची ही हकिगत.

विंडोज १० या प्रणालीला मिळणारी सुरक्षेची मोफत अद्ययावते १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. आमचा लॅपटॉप २०१९ सालचा असला तरी नव्या प्रणालीच्या अटींत बसत होता, म्हणून आम्ही ती चढवायला घेतली. लॅपटॉप दोनदा बंद होऊन सुरू झाला आणि मग काळ्या पडद्यावर ठिपक्यांचे एक वर्तुळ फिरत राहिले. तासाभराने आमचा धीर सुटला. कळ दाबून यंत्र बंद केले. पुन्हा सुरू केले, तरी तेच वर्तुळ. मग मोबाइलवर कुणाची तरी चित्रफीत पाहून आम्ही लॅपटॉपच्या अगदी मुळाशी असलेल्या 'बायोस' नावाच्या दालनात शिरलो. तेथे सुरक्षेच्या चिपपुढे 'क्लिअर' असा एक पर्याय दिसला. आमच्या भाषाव्यवसायी मनाला तो शब्द स्वच्छतेचा वाटला. खाली चार ओळींची ताकीद होती, ती न वाचताच आम्ही 'होय' म्हटले.

यानंतर लॅपटॉप निळ्या पडद्यावर थांबला आणि ४८ आकडी किल्ली मागू लागला. अशी काही किल्ली आपल्याकडे आहे, हेच आम्हांला ठाऊक नव्हते.

राजकमल चौकाजवळच्या दुरुस्तीच्या दुकानातील तरुणाने सारे ऐकून घेतले. डिस्कवरचा मजकूर पहिल्या दिवसापासून सांकेतिक रूपात साठवलेला होता. तो उलगडणारी किल्ली त्या चिपमध्ये राहत असे आणि यंत्र सुरू होताना आमच्या नकळत कुलूप उघडत असे. चिप 'स्वच्छ' करताना आम्ही नेमकी तीच किल्ली पुसली होती. तो म्हणाला, "सर, डेटा जागेवरच आहे. फक्त वाचता येणार नाही. फॉरमॅट करून घ्या, लॅपटॉप आजच्या आज सुरू करून देतो. मात्र आतलं सगळं जाईल." "थोडं थांबला असता तर कदाचित आपोआप सुरू झाला असता," हेही त्याने सौम्यपणे सांगितले.

जागेवर आहे, पण वाचता येत नाही, ही अवस्था मराठीच्या अध्यापकाला नवी नसावी. महानुभावांच्या पोथ्या कित्येक शतके अशाच होत्या. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे संकेताचे अक्षर येई. पोथी समोर उघडी असे, परंतु किल्ली पंथाबाहेर जात नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे प्रभृतींनी तो संकेत उलगडला आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचे पहिले प्रकरण नव्याने लिहावे लागले. हे आम्ही दरवर्षी मोठ्या रसाने शिकवतो. आमच्या लॅपटॉपच्या बाबतीत मात्र कुणी राजवाडे यायचे नव्हते. हा संकेत अंदाजाने उलगडणारा नव्हे.

फॉरमॅट करा, असे आम्हांला म्हणवले नाही. व्याख्यानांच्या टाचणांचे आणि विभागाच्या अहवालांचे दुःख फार नव्हते. पण त्यातच आईच्या ओव्या होत्या. आमच्यापैकी एकाची ती आई, दुसरीची सासू. २०१९ च्या उन्हाळ्यात तिला समोर बसवून आम्ही मोबाइलवर दीडशेवर ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. घरात जाते उरले नव्हते, म्हणून ती मांडी घालून बसे आणि उजवा हात फरशीवर गोल फिरवत म्हणे. हात थांबला की ओवीही अडे. २०२१ मध्ये ती गेली. मोबाइल त्याआधीच बदलला होता. लिप्यंतर सुट्टीत करू, असे म्हणता म्हणता सहा वर्षे गेली. प्रत एकच होती.

त्या रात्री एक दोनशेपानी वही काढली आणि आठवेल तसे लिहू लागलो. नऊ रात्रींत ४१ ओव्या झाल्या. लवकरच भांडण लागले. भाऊ बहिणीला न्यायला येतो त्या ओवीत तो 'पांदणी'ने येतो असे एकाचे म्हणणे, 'सडके'ने येतो असे दुसरीचे. दोघांनाही आईचा आवाज ऐकू येत होता आणि दोघांच्या कानी शब्द निराळा होता. शेवटी दोन्ही पाठ एकाखाली एक लिहिले.

म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा माणसांकडे जाऊन जाऊन गोळा केल्या. पुढे यादवसत्तेच्या पडत्या काळातील धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि लीळाचरित्र स्मरणातून पुन्हा उभे राहिले, असे परंपरा सांगते. हिराइसेचा पाठ त्यांतलाच. हे पाठभेद परीक्षेला 'टिपा लिहा'मध्ये येतात. त्यामागे हरवल्याची धास्ती आणि एकमेकांवरचा अविश्वासही असेल, हे वर्गात कधी मनात आले नव्हते.

यात एक गोष्ट आम्ही लपवली होती. पुण्यात शिकणाऱ्या मुलीला काही कळवले नव्हते. "आजीच्या फाइलींची दुसरी प्रत काढा," असे तिने दिवाळीतही बजावले होते. दहाव्या दिवशी दुकानातल्या तरुणाने सहज विचारले, "नवा घेतला तेव्हा सुरू कोणी करून दिला होता?" तिनेच, शाळकरी वयात, स्वतःच्या ईमेलवर. किल्लीची एक प्रत त्या खात्यात असू शकेल, असे तो म्हणाला.

रात्री फोन केला. ती रागावेल असे वाटले होते. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "आजी त्यातच आहे ना?" मग तिने खाते उघडले. किल्ली होती. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ती एकेक आकडा सांगे, आमच्यापैकी एक तो मोठ्याने उच्चारी, दुसरी कळ दाबी. पाचव्या गटात चूक झाली, पुन्हा म्हणून घेतले. आठवा गट संपला. वर्तुळ फिरले आणि या वेळी ते थांबले.

प्रथम पांदणीची ओवी शोधली. आईने ती दोनदा म्हटली होती. दुपारी 'पांदण' होती, संध्याकाळी 'सडक'.

आता ध्वनिमुद्रणाच्या तीन प्रती आहेत, त्यांतली एक मुलीकडे. किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवली आहे. वही टाकून द्यायची होती, पण ताडून पाहताना लक्षात आले की तिच्यातल्या तीन ओव्या मुद्रणात कुठेच नाहीत. त्या तिने केव्हातरी स्वयंपाकघरात, कुणी नोंदवून घेत नसताना म्हटल्या असाव्यात. असो. वहीची छायाप्रत काढून आणली आहे.